बाष्पे पकडणाऱ्या झिओलाइटचे पुनरुज्जीवन

मोटारींना रंग देणारे कारखाने, मासिकांची व वेष्टनांची छपाई करणारे छापखाने, औषधे आणि चिकट द्रव्ये तयार करणारे उद्योग या सर्वांत एक गोष्ट समान असते. रंग, शाई किंवा डिंक पातळ करण्यासाठी तेथे टोल्यूइन, झायलीन, ॲसिटोन, एथिल ॲसिटेट यांसारखी विद्रावके वापरली जातात. काम संपल्यावर रंग वस्तूवर राहतो व विद्रावक उडून जाते. उडून गेलेले विद्रावक नाहीसे मात्र होत नाही. ते बाष्परूपाने कारखान्यातील हवेत मिसळते आणि धुराड्यावाटे बाहेर पडते.

अशा कार्बनी बाष्पांपासून दोन प्रकारची हानी संभवते. काही बाष्पे प्रत्यक्ष विषारी असतात. बेंझिनच्या दीर्घकालीन संपर्काने रक्ताचा कर्करोग होतो हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. भारतात २००९ साली ठरविलेल्या राष्ट्रीय मानकांनुसार बाहेरील हवेतील बेंझिनचे वार्षिक सरासरी प्रमाण दर घनमीटरास ५ मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये, असा दंडक आहे. दुसरी हानी अप्रत्यक्ष आहे. ही बाष्पे व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगतच्या हवेत ओझोन तयार होतो, आणि तो फुप्फुसांना व पिकांना अपायकारक असतो.

हवेतील बाष्प जाळून टाकावे, हा उपाय सहज सुचतो. परंतु त्यात एक अडचण आहे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या १ घनमीटर हवेत अर्धा ग्रॅम टोल्यूइन आहे असे धरू. ते जळाल्यास सुमारे २० किलोज्यूल उष्णता मिळते. उलट, ती सर्व हवा ज्वलनास लागणाऱ्या सुमारे ७५० अंश सेल्सियस तापमानापर्यंत तापविण्यास ९०० किलोज्यूलांहून अधिक उष्णता लागते. बाहेर जाणाऱ्या तप्त वायूतील ९५ टक्के उष्णता परत मिळविली, तरी उरलेली तूट बाष्पापासून मिळणाऱ्या उष्णतेच्या दुपटीहून अधिक भरते. म्हणजे मूठभर बाष्पासाठी खोलीभर हवा तापवावी लागते. यासाठी विरळ बाष्प आधी एखाद्या घन पदार्थावर गोळा करावे व मग थोड्या हवेत सोडून त्याची विल्हेवाट लावावी, हा मार्ग अधिक काटकसरीचा ठरतो. झिओलाइट हा असाच एक घन पदार्थ होय.

उकळणारा दगड

स्वीडनमधील खनिजशास्त्रज्ञ आक्सेल फ्रेड्रिक क्रोनस्टेट यांना १७५६ साली असे आढळून आले की, एक विशिष्ट खनिज ज्योतीत धरले असता त्यातून वाफ निघते व ते उकळल्यासारखे फसफसते. ‘उकळणे’ आणि ‘दगड’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून त्यांनी त्यास ‘झिओलाइट’ हे नाव दिले. महाराष्ट्रातील वाचकांना हा दगड अगदीच परका नाही. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकातील पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट इत्यादी झिओलाइटांचे सुंदर स्फटिक आढळतात, आणि पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील खाणींतून मिळालेले नमुने जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत. उद्योगधंद्यांत लागणारे झिओलाइट मात्र बहुतांशी कृत्रिम रीत्या तयार केलेले असते.

१८४० साली फ्रेंच शास्त्रज्ञ दामूर यांनी दाखवून दिले की, झिओलाइटातील पाणी तापवून काढून टाकले तरी स्फटिक मोडत नाही, आणि तेच पाणी तो पुन्हा घेऊ शकतो. प्रस्तुत विषयाचे बीज या निरीक्षणातच आहे. कारण भरणे, रिकामे करणे व पुन्हा भरणे हेच पुनरुज्जीवनाचे सार होय. १९२५ साली वायगेल व श्टाइनहॉफ यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट नोंदविली. निर्जल केलेले चॅबाझाइट हे खनिज पाणी व अल्कोहोल यांची बाष्पे झटकन घेते, परंतु ॲसिटोन, ईथर किंवा बेंझिन यांना जवळजवळ घेतच नाही. स्फटिकातील वाटा इतक्या अरुंद होत्या की, मोठ्या रेणूंना त्यांतून प्रवेश मिळत नव्हता. या गुणावरून मॅकबेन यांनी अशा पदार्थांना ‘रेणूंची चाळणी’ म्हटले. पुढे रिचर्ड बॅरर यांनी १९४८ मध्ये निसर्गात न आढळणारे झिओलाइट प्रयोगशाळेत तयार केले. १९४९ पासून अमेरिकेत रॉबर्ट मिल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ए’ व ‘एक्स’ ही झिओलाइटे शोधून काढली, आणि १९५४ पासून कृत्रिम झिओलाइट बाजारात मिळू लागले.

झिओलाइटाची रचना एखाद्या मोठ्या वाड्यासारखी कल्पिता येते. सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांचे अणू ऑक्सिजनाच्या अणूंनी एकमेकांस जोडले जाऊन सांगाडा तयार होतो. त्यात समान आकाराच्या खोल्या व समान आकाराच्या खिडक्या असतात. ‘वाय’ या झिओलाइटात खोलीचा व्यास सुमारे १.३ नॅनोमीटर व खिडकीचा व्यास ०.७४ नॅनोमीटर असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. टोल्यूइनचा रेणू सुमारे ०.६ नॅनोमीटर रुंद असल्यामुळे या खिडकीतून आत शिरतो. परंतु ज्याच्या खिडक्या ०.४ नॅनोमीटरच्या आहेत अशा झिओलाइटात त्याला प्रवेश नसतो. अशा एका ग्रॅम पदार्थाच्या अंतर्भागातील पृष्ठभाग मोजला, तर तो सुमारे ७०० चौरस मीटर, म्हणजे एखाद्या लहान मैदानाएवढा भरतो.

सांगाड्यात जेथे जेथे ॲल्युमिनियम असते, तेथे ऋण विद्युत् भार निर्माण होतो. तो तोलून धरण्यासाठी जवळ सोडियमसारखा धन आयन असावा लागतो. पाण्याचे रेणू अशा जागांकडे प्रबळपणे ओढले जातात. त्यामुळे पावसाळ्यातील दमट हवा साध्या झिओलाइटातून नेली, तर खोल्या पाण्यानेच भरतात आणि विद्रावकाच्या बाष्पास जागा उरत नाही. यावर उपाय म्हणून सांगाड्यातील बरेचसे ॲल्युमिनियम काढून सिलिकॉनाचे प्रमाण वाढवितात. असे झिओलाइट पाण्याला फारसे जवळ करीत नाही व कार्बनी बाष्प मात्र घेते.

बाष्प कसे धरले जाते

स्पंज पाणी शोषतो, तेव्हा पाणी त्याच्या पोकळीत नुसते भरते. झिओलाइटात जे घडते त्यास अधिशोषण म्हणतात. यात बाष्पाचे रेणू पृष्ठभागावरील आकर्षणाने भिंतींना चिकटून राहतात. असे चिकटताना उष्णता बाहेर पडते. यावरून उलट क्रियेचा नियमही कळून येतो. चिकटलेला रेणू सोडवावयाचा असेल तर तितकीच उष्णता परत द्यावी लागते. थंड असताना झिओलाइट बाष्प घेते व तापविले असता सोडते. या सोडण्याच्या क्रियेस विशोषण म्हणतात.

झिओलाइटाच्या गोळ्यांनी भरलेल्या उभ्या नळकांड्यातून दूषित हवा खालून वर जात आहे असे समजू. प्रथम तळाकडील गोळ्या भरतात, नंतर त्यांच्या वरच्या, आणि भरलेल्या भागाची सीमा हळूहळू वर सरकते. ती माथ्यापाशी पोहोचली की बाहेर पडणाऱ्या हवेत बाष्प दिसू लागते. त्या क्षणापूर्वीच हवा दुसऱ्या नळकांड्याकडे वळवून पहिल्याचे पुनरुज्जीवन सुरू करावे लागते.

तप्त हवेने मोकळे करणे

पुनरुज्जीवनाची सर्वांत सोपी रीत म्हणजे तप्त हवा किंवा नायट्रोजन झिओलाइटातून नेणे. हा प्रवाह पहिल्या प्रवाहाच्या उलट दिशेने, म्हणजे वरून खाली सोडणे हितावह असते. बाष्प तळाकडे दाट साठलेले असते. ते माथ्याकडून बाहेर ढकलले तर वाटेतील स्वच्छ गोळ्या दूषित होतात. उलट दिशेने ढकलल्यास माथ्याकडील थर सर्वाधिक स्वच्छ राहतो, आणि पुढील फेरीत बाहेर पडणाऱ्या हवेची शुद्धता याच थरावर अवलंबून असते.

मोठ्या कारखान्यांत नळकांड्यांऐवजी फिरते चक्र वापरतात. मधाच्या पोळ्यासारख्या असंख्य बारीक नळ्या असलेल्या या चक्राच्या भिंतींवर झिओलाइटाचा लेप असतो. चक्र तासाला केवळ काही फेरे घेते. त्याच्या बहुतेक भागातून दूषित हवा जाऊन स्वच्छ होत असते. एका लहान भागातून सुमारे १८० ते २०० अंशांची तप्त हवा जाऊन बाष्प मोकळे करीत असते. आणि त्यालगतचा आणखी एक लहान भाग थंड होत असतो. तप्त हवेचे प्रमाण मूळ हवेच्या दहाव्या ते विसाव्या हिश्शाएवढेच असल्यामुळे तीत बाष्प दहा ते वीस पट दाट होते. अशी हवा जाळण्यास इंधन थोडेच लागते. मात्र दाटपणालाही मर्यादा आहे. हवेत टोल्यूइनचे बाष्प आकारमानाने सुमारे १.१ टक्क्यापर्यंत पोहोचले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बाष्पाचे प्रमाण या मर्यादेच्या चौथ्या हिश्शाच्या आत राखण्याची प्रथा आहे.

हेच काम सक्रियित कोळसाही करतो, व तो स्वस्तही असतो. परंतु कोळसा स्वतः ज्वालाग्राही आहे. सायक्लोहेक्झॅनोनसारख्या काही विद्रावकांचे त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिडीभवन होऊन आगी लागू शकतात. झिओलाइट जळत नाही. म्हणून त्याला निर्धास्तपणे अधिक तापविता येते. जड व उशिरा उकळणारी द्रव्ये २०० अंशांच्या हवेने निघत नाहीत व फेरीगणिक साचत जातात. त्यांच्यासाठी चक्र अधूनमधून ३०० अंशांच्या आसपास तापवून घेतात.

उत्प्रेरकाची जोड

मोकळे केलेले बाष्प दुसरीकडे नेऊन जाळण्याऐवजी झिओलाइटाच्या आतच जाळता आले तर यंत्रसामग्री लहान होते. त्यासाठी झिओलाइटात प्लॅटिनम, पॅलॅडियम, तांबे, मँगॅनीज किंवा कोबाल्ट यांसारख्या धातूंचे अथवा त्यांच्या ऑक्साइडांचे सूक्ष्म कण बसवितात. हे कण उत्प्रेरकाचे काम करतात. त्यांच्या सान्निध्यात बाष्पाचे ऑक्सिडीभवन ७५० ऐवजी २०० ते ४०० अंशांतच होते. थंड असताना असा पदार्थ बाष्प साठवितो व तापविला की साठविलेले बाष्प जाळून स्वतःच रिकामा होतो.

ज्वलन पूर्ण झाले तर ९२ ग्रॅम टोल्यूइन २८८ ग्रॅम ऑक्सिजनाशी संयोग पावून ३०८ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड व ७२ ग्रॅम पाणी देते. ते अपुरे राहिले तर कार्बन मोनॉक्साइड किंवा बेंझाल्डिहाइड यांसारखी मधली द्रव्ये बाहेर पडतात. म्हणून केवळ टोल्यूइन नाहीसे झाले एवढ्यावर समाधान मानता येत नाही. तेवढ्याच प्रमाणात कार्बन डाय-ऑक्साइड मिळाला की नाही, हे पाहावे लागते.

या योजनेतील खरा पेच तापमानाचा आहे. झिओलाइट एका तापमानास बाष्प सोडू लागते, आणि उत्प्रेरक दुसऱ्या एका तापमानास क्रियाशील होतो. झिओलाइटाने १२० अंशांवर बाष्प सोडले व उत्प्रेरक २२० अंशांवर जागा झाला, तर मधल्या काळात बाष्प न जळताच निसटते. असे झाल्यास प्रदूषण टळत नाही, केवळ काही तास लांबते. मोटारींच्या बाबतीतही हाच प्रश्न उद्भवतो. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिले एक-दोन मिनिटे उत्प्रेरक तापलेला नसतो आणि न जळलेले हायड्रोकार्बन बाहेर पडतात. ते तोपर्यंत झिओलाइटात धरून ठेवण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले असून तेथेही बाष्प वेळेआधी सुटणे हीच मुख्य अडचण ठरली.

तिच्यावर काही उपाय आहेत. चांदीचे आयन झिओलाइटात बसविल्यास काही बाष्पे अधिक घट्ट धरली जातात. साठवणाऱ्या थराच्या पुढे उत्प्रेरकाचा स्वतंत्र थर ठेवून तो आधी तापविता येतो. किंवा उत्प्रेरक जागा होईपर्यंत वायू बाहेर न सोडता बंद मार्गात फिरवत ठेवता येतो. कोणताही उपाय योजला, तरी दोन्ही तापमाने आधी मोजून मगच रचना ठरवावी लागते.

दुसरा धोका याच्या नेमका उलट आहे. एक किलोग्रॅम झिओलाइटात ८० ग्रॅम टोल्यूइन साठलेले असल्यास ते जळताना सुमारे ३,२०० किलोज्यूल उष्णता निघते. झिओलाइटाचे तापमान १ अंशाने वाढविण्यास किलोग्रॅममागे सुमारे १ किलोज्यूल पुरतो. सर्व उष्णता जागच्या जागी कोंडली, तर तापमान हजारो अंशांनी वाढेल आणि स्फटिक त्यापूर्वीच कोसळेल. म्हणून ज्वलन सावकाश व्हावे आणि उष्णता वायूच्या प्रवाहाबरोबर निघून जावी, अशी व्यवस्था करावी लागते.

आत साचलेला कोक

अनेक फेऱ्यांनंतर मूळची पांढरी गोळी पिवळट, मग तपकिरी व शेवटी काळी पडते. झिओलाइटात ॲल्युमिनियमजवळ अम्लधर्मी स्थाने असतात. स्टायरीनसारखे क्रियाशील रेणू तेथे एकमेकांस जोडले जाऊन मोठे होतात. जो रेणू एकटा खिडकीतून आत आला, तो इतरांशी जोडला गेल्यावर तिच्यातून बाहेर पडू शकत नाही. तापविल्याने त्यातील हायड्रोजन घटत जातो व अखेर कोकसारखा कार्बनी पदार्थ उरतो. थोडासा कोकही खिडकीच्या तोंडाशी बसला तर मागील रिकाम्या खोल्या निरुपयोगी होतात.

हा कोक साध्या विशोषणाने जात नाही. तो जाळावाच लागतो. एक किलोग्रॅम झिओलाइटावर ५० ग्रॅम कोक असल्यास तो जळताना १,६०० किलोज्यूलांहून अधिक उष्णता देतो, म्हणजे येथेही तोच धोका असतो. म्हणून प्रथम नायट्रोजन सोडून सुटी बाष्पे घालवितात. नंतर नायट्रोजनात केवळ १ टक्क्याच्या आसपास ऑक्सिजन मिसळून तापमान पायरीपायरीने वाढवितात. कोकमधील हायड्रोजन आधी जळतो व त्यापासून वाफ होते. तीव्र तापमानाची वाफ सांगाड्यातील ॲल्युमिनियम उपटून काढते. म्हणून हा टप्पा कमी तापमानावरच उरकणे इष्ट असते. त्यानंतर ५०० ते ५५० अंशांपर्यंत नेऊन उरलेला कार्बन जाळतात. बाहेर पडणाऱ्या वायूत कार्बन डाय-ऑक्साइड दिसेनासा झाला की काम पुरे झाले असे समजतात.

खनिज तेलाच्या शुद्धीकरण कारखान्यांत हीच क्रिया अखंड चालते. जड तेलाचे रेणू तोडणाऱ्या प्रवाही उत्प्रेरकी पद्धतीचा वापर १९४२ पासून सुरू झाला व १९६० नंतरच्या दशकात तीत झिओलाइट आले. तेथे कोकाने काळवंडलेली पूड एका पात्रातून दुसऱ्यात जाते, सुमारे ७०० अंशांवर कोक जळतो आणि तप्त पूड पहिल्या पात्रात परतते. तेथे कोकची उष्णताच तेलाचे रेणू तोडण्याच्या कामी येते. भारतातही या क्षेत्रात काम झाले असून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विकसित झालेला झिओलाइट उत्प्रेरक १९८० नंतरच्या दशकात बडोदे येथे झायलीनच्या उत्पादनासाठी वापरात आला. बाष्पे पकडण्याच्या कामात मात्र कोकचा असा उपयोग नसतो. तेथे तो केवळ तोटाच असतो. म्हणून तेथे कमी अम्लधर्मी, सिलिकॉनबहुल झिओलाइट निवडून कोक मुळातच कमी होऊ देणे श्रेयस्कर ठरते. ओझोनमिश्रित हवेने १०० ते १५० अंशांवरही कोक काढता येतो. त्यामुळे तीव्र उष्णतेची हानी टळते. परंतु उरलेला ओझोन बाहेर सोडण्यापूर्वी त्याचे विघटन करावे लागते.

जे परत मिळत नाही

सर्वच बिघाड दुरुस्त होत नाहीत. रंगांत व फेस मारणाऱ्या द्रव्यांत सिलिकोन असतात. त्यांची बाष्पे उत्प्रेरकावर जळून सिलिका, म्हणजे एक प्रकारची बारीक वाळूच मागे राहते. ती पुन्हा जाळता येत नाही. फॉस्फरस व शिसे यांचेही तसेच आहे. गंधकाची बाधा काही अंशी दूर होते. प्लॅटिनमचे कण अतितापाने एकत्र येऊन मोठे होतात. कणाचा व्यास २ नॅनोमीटरांवरून ८ झाला, तर तेवढ्याच वजनाच्या धातूचा उघडा पृष्ठभाग एक-चतुर्थांश उरतो. वाफेने मोडलेला सांगाडा तर पुन्हा जोडताच येत नाही. या सर्व बाबतींत पुनरुज्जीवनापेक्षा पूर्वदक्षतेचा उपयोग अधिक होतो. धूळ व रंगाचे तुषार आधी गाळून घ्यावेत आणि विषारी घटक असलेली द्रव्ये शक्यतो वापरूच नयेत.

पुनरुज्जीवनाची कसोटी

दर फेरीस केवळ १ टक्का क्षमता कमी झाली, तर १०० फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ३७ टक्केच उरते. हानी ०.१ टक्का असेल, तर ९० टक्के उरते. तासाला ३ फेरे घेणारे चक्र अखंड चालल्यास वर्षाला २६,००० हून अधिक फेऱ्या होतात. अशा चक्रास दर फेरीची हानी जवळजवळ शून्य असली तरच ते काही वर्षे टिकू शकते. यावरून पुनरुज्जीवनातील लहानशा हयगयीचाही परिणाम किती मोठा होतो, हे ध्यानात येईल.

यासाठी ठरावीक काळाने काही मोजमापे घेतात. पदार्थाचे वजन मूळ वजनाशी ताडून पाहतात. ठरावीक बाष्प तो किती घेतो, हे मोजतात. उणे १९६ अंशांवर नायट्रोजन शोषू देऊन अंतर्भागाचा पृष्ठभाग काढतात. उत्प्रेरक कोणत्या तापमानास क्रियाशील होतो, याची नोंद ठेवतात. शेवटी सर्वांत महत्त्वाचा हिशेब म्हणजे जमाखर्च: जेवढे बाष्प पकडले, तेवढ्याचा कार्बन परत मिळालेल्या विद्रावकात, कार्बन डाय-ऑक्साइडात किंवा कोकमध्ये सापडला पाहिजे. त्यात तूट आढळली, तर तेवढे बाष्प कोठून तरी हवेत निसटले असा अर्थ होतो.

क्षमता संपल्यावर झिओलाइट बदलावे लागते. त्यातील मौल्यवान धातू काढून घेतात व बाकीचा भाग घातक कचऱ्याच्या नियमांनुसार हाताळतात. कारण त्यात विद्रावकाचा व विषारी घटकांचा अंश उरलेला असतो. बाष्प पकडणारे यंत्र बसविले म्हणजे कारखान्याचे कर्तव्य संपले, असा समज पुष्कळदा आढळतो. वस्तुतः पकडलेल्या बाष्पाचे पुढे काय झाले, यावरच आसपासच्या वस्तीतील हवा स्वच्छ राहणे अवलंबून असते, आणि त्याचे उत्तर झिओलाइटाच्या पुनरुज्जीवनाच्या नोंदवहीत मिळते.